बाविसाव्याची पाठवणी

भाताच्या पाटीवरचं झाकण खिंगच्या हातून निसटलं आणि खण्णकन खाली आपटून गरगर फिरत राहिलं. त्याआधी घर इतकं गप्प होतं, की चुलीतल्या ओल्या लाकडाचं फुसफुसणंही ऐकू येत होतं.

दुआनचे खांदे कानापर्यंत गेले. रागवायला तिनं तोंड उघडलं, पण बाहेर काही आलं नाही. तिनं नुसता उजवा हात वर केला, बोटांची चोच केली आणि ती दोनदा उघडली-मिटली. म्हणजे, हळू.

"आई," पाच वर्षांची खिंग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इथं पक्षी नाहीत. इथं तोंडानं बोललं तरी चालतं."

"बघ, पोरीला कळतं ते तुला कळत नाही," दुआनची आई, बुन्मा आजी, चिकट भात उलटापालटा करत म्हणाली. "गप्प बसायचा पगार मिळतो तुला, कबूल. पण तो तिकडं. घरी फुकट कशाला गप्प बसतेस?"

दुआन हसली. हसण्यालाही आवाज नव्हता. सात महिन्यांत सवयच तशी लागली होती.

नोंग ताकू गावच्या तळ्यावर एकेकाळी सारस होते. बुन्मा आजीनं लहानपणी पाहिलेले, माणसाएवढे उंच, लाल मानेचे. मग कुणी अंडी खाल्ली, कुणी पिल्लं विकली, उरलेल्यांना शेतातल्या फवारणीनं गिळलं. शेवटची जोडी दिसेनाशी झाली आणि त्यानंतर गावाला सारसाबद्दल जे काही प्रेम फुटलं, की विचारू नका. बसथांब्यावर सिमेंटचा सारस, शाळेच्या शर्टावर सारस, तांदळाच्या पोत्यावर सारस, देवळाच्या कमानीवर सारसांची जोडी. तळं सोडून सगळीकडे सारस. शेवटी सरकारनं पैदास केंद्र काढलं, दुसरीकडून अंडी आणली, आणि पिल्लांना वाढवायला गावातली बाई ठेवली. ती दुआन.

काम तसं सोपं होतं. पायघोळ राखाडी झगा घालायचा, डोक्यावरून तोंड झाकणारी टोपी ओढायची आणि एका हातात सारसाचं लाल डोकं चढवायचं, कठपुतळीसारखं. त्या चोचीनं पिल्लांना मासे भरवायचे, चिखल उकरून पाणगवताच्या गाठी कशा काढायच्या ते शिकवायचं, संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहून दाखवायचं, म्हणजे झोपायचं ते पाण्यात, कोरड्यावर कुत्री येतात. आणि एक अक्षर बोलायचं नाही. पिल्लाला माणसाचा चेहरा दिसला, आवाज ओळखीचा झाला, की ते माणसालाच आपलं समजतं. मग सोडल्यावर तळ्यात न जाता गावात येतं.

आलं होतंच. गेल्या वर्षी सोडलेला नऊ नंबरचा सारस हमरस्त्यावरच्या शेवयांच्या दुकानात जाऊन उभा राहायचा. लोकांनी त्याला माशाचे गोळे चारले, त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले, दुकानदारानं पाटीवर त्याचं चित्र काढून घेतलं. एके दिवशी तो रस्ता ओलांडत होता आणि ट्रकवाला फोटो काढणाऱ्यांतला नव्हता. तेव्हापासून केंद्राचे डॉक्टर वीरायुत यांनी नियम केला: सोडल्यावर जो पक्षी आपल्या पायांनी माणसाकडे येईल, तो परत पिंजऱ्यात. जन्मभर.

यंदाचे सहा पक्षी आज सुटणार होते. पाचांची तिला काळजी नव्हती. काळजी होती ती बावीस नंबरची.

कारण बाविसाशी ती बोलली होती. बोलली म्हणजे गुणगुणली होती. पावसाळ्यात खिंगला ताप आला होता, डॉक्टर वीरायुत परगावी होते, बदली बाई आली नव्हती. पोर घरी फणफणत पडलेली आणि ही इथं झगा घालून एका पिल्लाला मासे भरवत बसलेली. तेव्हा टोपीच्या आत, तिच्याही नकळत, खिंगला झोपवतानाचं गाणं सुरू झालं. बाविसानं मान तिरकी केली, ऐकलं, आणि येऊन चोच तिच्या मांडीवर ठेवली. त्यानंतर चार-पाच वेळा तरी तसं झालं. तिनं कुणाला सांगितलं नाही.

सोडण्याआधी पक्ष्यांना माणसाची भीती शिकवावी लागते. साध्या कपड्यांतली माणसं झुडपातून उड्या मारून बाहेर येतात, डबे बडवतात. गावप्रमुख सोमनूक यांच्या दोन भाच्यांनी ते काम केलं. पाच पक्षी फडफडत पाण्यात पळाले. बावीसही पळाला, पण पाण्याकडे नाही. कोपऱ्यात राखाडी झगा घालून दुआन उभी होती, तिच्यामागे जाऊन लपला. डॉक्टरांच्या कागदावर प्रश्न होता, माणसाला भितो का? त्यांनी पेन चावून चावून लिहिलं, 'बहुधा'.

डॉक्टरांचा बेत साधा होता. पहाटे, कुणालाही न सांगता, जाळीचं दार उघडायचं आणि निघून यायचं. पण प्रांतसाहेबांना कळलं, आणि साहेबांच्या कानावर गेलेली कुठलीही गोष्ट साधी राहत नाही. गेल्या महिन्यात बैठक झाली, चहा-केळी वाटायला म्हणून बोलावलेल्या दुआननं सगळी आपल्या कानांनी ऐकली.

"साहेब, पक्ष्यांना माणसाचा चेहरा दिसून चालत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग नाही दिसणार. ही बाई घालते तसले झगे सगळ्यांना शिवा."

"सगळ्यांना म्हणजे?"

"जेवढ्या खुर्च्या, तेवढे झगे."

गावच्या महिला मंडळानं साठ झगे शिवले. साध्या कापडाला फोटोत चमक येत नाही म्हणून साटिनचे. साहेबांच्या आणि बाईसाहेबांच्या झग्याला सोनेरी काठ लावला, कारण तोंड झाकल्यावर हुद्दा कशावरून कळणार?

तेवढ्यावर भागलं असतं, पण त्याच बैठकीत गावप्रमुख सोमनूक उठून उभे राहिले. "झगे झाले. पण लेकरं घर सोडून निघालीत, आणि त्यांना दोरे बांधायचे नाहीत? नोंग ताकूत हे कधी झालंय? मी नवी गाडी घेतली तर तिलासुद्धा बांधले होते."

"काका, पक्ष्याला मनगट नसतं," डॉक्टर म्हणाले.

"पाय असतो ना?"

झालं. थोंगसुक आजोबांना आमंत्रण गेलं. माणसाच्या अंगात बत्तीस प्राण असतात आणि घाबरलं, दमलं, परगावी गेलं, की ते इकडेतिकडे भरकटतात. त्यांना हाका मारून जागेवर आणायचं आणि पांढऱ्या दोऱ्यानं बांधून टाकायचं, हे आजोबांचं चाळीस वर्षांचं काम. गावातून बँकॉकला, कोरियाला, तैवानला कामाला गेलेल्या प्रत्येकाला त्यांनीच दोरे बांधले होते. दुआनच्या नवऱ्यालाही. तो रयोंगच्या कारखान्यात होता. त्याचे बत्तीस प्राण दर रविवारी मोबाइलच्या पडद्यावर येऊन जायचे, बाकीचा तो तिकडेच.

तर अशी ती सकाळ. बुन्मा आजीनं भाताची पाटी, मडकं आणि खिंगनं पाडलेलं ते झाकण उचललं, कारण मांडवामागच्या चुलीवर पाहुण्यांचा भात तिच्याकडे होता. दुआननं फुटबॉलच्या जुन्या टी-शर्टवर राखाडी झगा चढवला. तिघी तळ्याकडे निघाल्या.

तळ्याकाठी मांडव, खुर्च्यांना साटिनच्या खोळी, खोळींना मागे फुलं. शाळेच्या बारा मुली पुठ्ठ्याचे पंख लावून सारसनृत्य करून गेल्या होत्या आणि आता सरबत पीत होत्या. मांडवाशेजारी हिरव्या जाळीत सहा सारस दाटीवाटीनं उभे होते. त्यांच्यासमोर साठ राखाडी झगे, साठ झाकलेली तोंडं. बिचाऱ्यांनी जन्मात एक आई पाहिली होती. आज एकदम साठ, त्यातल्या दोन सोनेरी काठाच्या.

फोटोवाला खाली बसला, वर उठला, डोकं खाजवलं. "साहेब कुठले?"

"सोनेरी काठवाले."

"तसे दोन आहेत."

"उंच ते साहेब."

"दोघंही सारखेच उंच आहेत."

टोपीच्या आतून साहेबांचा आवाज आला, "अरे, मग पेपरात काय खाली बाण काढून दाखवणार आहात? एक मिनिट टोप्या काढा सगळ्यांनी. एकच मिनिट!"

डॉक्टर वीरायुत "साहेब, साहेब" करत धावले, पण साठ टोप्या मागे पडल्या होत्या. सहा सारसांनी एकदम माना उंच केल्या. दुआननं टोपी काढली नाही, पण तिला त्यांच्या नजरेतून दिसलं. सात महिने जिला आई म्हटलं, तिच्या आत हे असले चेहरे होते तर. घामट, पावडर लावलेले, दात दाखवणारे.

मग थोंगसुक आजोबा बसले. केळीच्या पानांचा मनोरा, उकडलेलं अंडं, तांदळाच्या दारूची बाटली, सगळं रीतसर. डॉक्टरांनी एकेका पक्ष्याला बगलेत धरलं आणि आजोबांनी पायातल्या नंबराच्या कड्याच्या वर पांढरा दोरा बांधला. लाउडस्पीकरवरून त्यांचा खर्जातला सूर तळ्यावर गेला: "ये रे प्राणा, ये. चिखलात रमला असशील तर उठून ये. देवनळाच्या बेटात अडकला असशील तर सोडवून ये. दूरच्या पाण्यात उतरला असशील तर ते पाणी झटकून ये. उंबऱ्याशी ये, चटईवर ये, उशीवर ये..."

"आजोबा," डॉक्टर कानाशी वाकून म्हणाले, "आपण त्यांना चिखलातच पाठवतोय."

"मंत्रात बदल होत नसतो, डॉक्टर," आजोबा माइकवर हात ठेवून म्हणाले. "मी कधी तुमच्या इंजेक्शनात ढवळाढवळ केलीय?"

जाळीचं दार उघडलं. पाच सारस बाहेर पडले, त्यांनी मांडवाकडे एकदा पाहिलं, आणि असल्या नातेवाइकांपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, तळ्याच्या पलीकडे उडाले. सहावा, बावीस, मागे राहिला होता. पण तोही निघाला. एक पाय पाण्यात. दुसरा पाय. पाणी पोटाला लागलं तसं त्यानं पंख जरा उचलले. दुआन मनात म्हणत होती, जा बाळा, जा, जा.

"आणि आता," निवेदक माइकमध्ये ओरडला, "या सहा लेकरांची आई आपल्यासमोर दोन शब्द बोलेल! या, दुआनताई!"

दुआननं मान हलवली. हलवली म्हणजे टोपीसकट अख्खं डोकं गदगदा हलवलं. तिनं हाताची चोच करून मिटली. लोकांना वाटलं गंमत करतेय, टाळ्या पडल्या. दोन बायकांनी तिला ढकलत पुढे आणलं, कुणीतरी तिची टोपी काढली.

"लाजतेस काय अशी," बाईसाहेब म्हणाल्या. "बोल की. साहेब उभे आहेत."

साहेब खरंच उभे होते. माइक तिच्या ओठांना टेकला. आजूबाजूला इतकी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, की सात महिन्यांची गप्प बसायची सवय नेमकी तेव्हाच सुटली.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी... मी दुआन."

दोन शब्द सांगितले होते, तीन-चार झाले. लाउडस्पीकरनं ते उचलून पाण्यावर फेकले. बाविसाची मान ताठ झाली. त्यानं तिरकी केली. ऐकलं. आणि वळला.

पाण्यातून बाहेर आला. पायाचा पांढरा दोरा ओढत, लांब टांगा टाकत, कशाची घाई नसल्यासारखा तो सरळ मांडवाकडे चालत आला आणि दुआनच्या समोर दहा हातांवर उभा राहिला.

मांडव जो काही गहिवरला! थोंगसुक आजोबांनी माइक सोडून दोन्ही हात जोडले, डोळ्यांतून धारा. "चाळीस वर्षं हाका मारतोय," ते म्हणाले. "बँकॉकला गेले, कोरियाला गेले, कुणी मागं वळून पाहिलं नाही. आला तो हा पहिला."

"माझ्या पोरापेक्षा बरा," कुणी म्हातारी म्हणाली.

"कृतज्ञता!" प्रांतसाहेबांनी माइक हातात घेतला. "याला म्हणतात कृतज्ञता! पाखरू आहे, पण आईला विसरलं नाही. आणि याला आपण परत हाकलायचं? छे! काठावरच्या त्या पक्षी बघायच्या मनोऱ्याखाली छान जाळी घालू, पाट्या लावू, शाळांच्या सहली आणू. आईबापांचे उपकार कसे स्मरावेत ते आजकालच्या पोरांना दिसलं पाहिजे! काय डॉक्टर?"

डॉक्टर वीरायुत बुटांकडे बघत म्हणाले, "नियमही तेच सांगतो, साहेब. माणसाकडे आला, तर पिंजरा." आयुष्यात पहिल्यांदा नियम आणि साहेब एका बाजूला आले होते, आणि त्यांना त्याचा अजिबात आनंद झालेला दिसत नव्हता. सोमनूक यांचे भाचे जाळी आणायला पळाले.

दुआन उभी होती. समोर बावीस मान तिरकी करून वाट बघत होता, पुढचं गाणं कधी सुरू होतंय म्हणून.

ती वळली आणि धावली. मांडवामागं चुलीपाशी गेली, झगा डोक्यावरून ओढून काढला, बुन्मा आजीच्या हातातला पळा हिसकावला, पाटीवरचं झाकण उचललं.

"अगं, वाफ जाईल!" आजी ओरडली.

दुआन फुटबॉलच्या टी-शर्टमध्ये, मोकळ्या तोंडानं, झाकण बडवत मांडवातून बाहेर आली. "नीघ! मेल्या, नीघ इथून! जा! कोण मी तुझी? जा!"

बाविसानं पंख उघडले. तिला वाटलं, उडाला. पण त्यानं मान खाली घातली, वर झेप घेतली आणि गोल फिरला. नाचत होता. जेवढी ती ओरडे तेवढा तो जवळ येई, कारण आवाज तोच होता, तापाच्या दुपारचा. शिव्या त्याला कुठून कळणार? त्याला त्यात गाणंच ऐकू येत होतं.

जाळी घेऊन भाचे मांडवाच्या कोपऱ्याशी पोचले होते.

दुआनला उमगलं तेव्हा तिनं तोंड मिटलं. घट्ट. आवाज काढून घेतला तिनं त्याच्यापासून. मग एक शब्द न बोलता ती झाकण बडवत त्याच्या अंगावर गेली, अगदी चेहऱ्याला चेहरा भिडेपर्यंत. तो थबकला. तिच्या मागं बघितलं, राखाडी झगा शोधला. राखाडी झगे साठ होते, सगळ्यांना माणसांची डोकी. तिनं चिखलाचं ढेकूळ उचलून मारलं. ते पाण्यात पडलं. दुसरं त्याच्या छातीवर बसलं. तो दोन पावलं मागं सरला, चोच उघडून नुसता बघत राहिला. मग तिनं हातातलं झाकण भिरकावलं. ते फिरत गेलं आणि त्याच्या पंखाच्या मुळाशी लागलं.

बावीस ओरडला. सात महिन्यांत तसा तो कधी ओरडला नव्हता. धावला, पाणी उडालं, पंख उघडले आणि तळ्याच्या पार पलीकडे, देवनळाच्या मागं, तो दिसेनासा झाला. पांढरा दोरा थोडा वेळ दिसत राहिला, मग तोही नाही.

"काय बाई आहे!" बाईसाहेब म्हणाल्या.

"अशानंच पोरं बिघडतात," सोमनूक म्हणाले.

प्रांतसाहेब सोनेरी काठाचा झगा वर धरून गाडीत बसले आणि त्यांच्या मागून तीन गाड्या गेल्या. उरलेली मंडळी जेवायला बसली. पाटीत वाफ मुरली नव्हती, भात जरा कडकच राहिला होता, पण कोंबडीबरोबर संपला. थोंगसुक आजोबा ज्याला त्याला सांगत होते, माझं काम बोलावण्याचं, ते मी चोख केलं, पुढचं मी काही बोलत नाही.

डॉक्टर वीरायुत काठावर आले. दुआन गुडघाभर पाण्यात उभी होती, पाठमोरी. त्यांनी खिशातून कागद काढला, बाविसासमोरचं 'बहुधा' खोडलं, 'हो' लिहिलं, आणि तिला दिसेल असा धरला. तिनं पाहिलं. डॉक्टर कागद घडी घालून गेले.

दुआन चिखलात हात घालून झाकण शोधत होती. बुन्मा आजीचं एकुलतं एक झाकण. हाताला लागलं तेव्हा त्याला एका बाजूनं पोचा आला होता. ते पाण्यात धूत ती तशीच उभी राहिली, धुऊन झालं तरी धूतच राहिली.

खिंग आली. चपला काठावर नीट शेजारी शेजारी ठेवून पाण्यात उतरली. आजोबांनी उरलेला एक दोरा तिच्या मनगटाला बांधून टाकला होता, ओला होऊ नये म्हणून तिनं तो हात डोक्यावर धरला होता. तिनं पलीकडं पाहिलं. मग आईच्या टी-शर्टाकडं, मोकळ्या तोंडाकडं, हातातल्या झाकणाकडं.

तिनं दुसऱ्या हाताची चोच केली आणि आईच्या कोपराला हळूच दोनदा टोचली.

"आई," ती म्हणाली, "तो तुला ओळखून पळाला, की न ओळखता?"